विश्लेषण : रोज डबा रिकामा करूनही कचऱ्यात अळ्या का होतात? उन्हाळ्यात माश्यांना रोखायचे कसे?

आंब्याच्या कोयी, कलिंगडाच्या साली, रविवारच्या मासळीचा कचरा... एप्रिल-मेमध्ये ओल्या कचऱ्याचे वजन वाढते आणि त्याच दिवसांत माशीची वाढही वेगाने होते. फिनेल, फवारे, कापूर असे उपाय सुरू होतात, पण चार दिवसांनी पुन्हा तेच. डब्यात सापडलेल्या अळीचा आकार नीट पाहिला, तर चूक कुठे होते आहे ते बऱ्याचदा कळते.

अळ्या ‘पडतात’ की घातल्या जातात?

घंटागाडीचा आवाज आला, घाईने झाकण उघडले आणि डब्याच्या कडेवर पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, हा प्रकार उन्हाळ्यात अनेक घरांत घडतो. ‘कालच तर डबा रिकामा केला होता’ ही त्यावरची पहिली प्रतिक्रिया असते. गंमत म्हणजे ती बहुतेकदा खरी असते.

मराठीत आपण कचऱ्यात अळ्या ‘पडल्या’ असे म्हणतो. जणू कचरा कुजला की त्यातून त्या आपोआप निपजतात. जगभर शेकडो वर्षे हीच समजूत होती. इटलीतील वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये तिला धक्का दिला. त्यांनी बरण्यांमध्ये मांस ठेवले. काही बरण्या उघड्या, काही बंद, तर काहींच्या तोंडावर विरळ कापड ताणलेले. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, बंद बरण्यांत झाल्या नाहीत. कापड बांधलेल्या बरण्यांवर माश्या घोंगावत राहिल्या. अळ्या दिसल्या त्या कापडावर, आतल्या मांसात नाही.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा प्रयोग आजच्या स्वयंपाकघरात जसाच्या तसा लागू पडतो. माशीने अंडी घातल्याशिवाय अळी होत नाही. त्यामुळे ‘अळ्या कशाने मरतील’ हा दुसरा प्रश्न आहे. माशी कचऱ्यापर्यंत कधी आणि कुठे पोहोचली, हा पहिला.

माशीची पिढी किती दिवसांत तयार होते?

घरमाशीची मादी एका वेळी साधारण ७५ ते १५० अंडी घालते आणि आयुष्यात अशा चार-पाच खेपा करते. अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे, पांढरट. भाताच्या शिताला किंवा भाजीच्या देठाला चिकटलेले असले तर दिसतही नाही. उबदार हवेत ते एका दिवसाच्या आत फुटते. अळी चार-पाच दिवस खात राहते, मग कोषात जाते आणि आणखी चार-पाच दिवसांनी माशी बाहेर पडते. म्हणजे उन्हाळ्यात अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास आठवडा ते दहा दिवसांत पूर्ण होतो. थंडीत यालाच कित्येक आठवडे लागू शकतात.

यातला सर्वात नाजूक टप्पा अंड्याचा आणि अगदी लहान अळीचा. दोघांनाही ओल लागते. कोरड्या पडलेल्या सालीवरचे अंडे फुटत नाही, फुटलेच तर अळी जगत नाही. दुर्गंधी घालवणे म्हणजे माशी घालवणे असा आपला समज असतो. वास माशीला बोलावतो हे खरे, पण तिची पुढची पिढी वाढवते ती ओल. डब्यात काय टाकले यापेक्षा ते किती ओले टाकले, हे म्हणूनच अधिक महत्त्वाचे.

अळीचा आकार काय सांगतो?

अळ्या दिसल्या की बहुतेक घरांत डोळे मिटून, नाक दाबून सगळे फेकून दिले जाते. किळस येणे साहजिक आहे. पण फेकण्याआधी दोन सेकंद नीट पाहिले तर पुढचे काम सोपे होते.

अळ्या दोन-तीन मिलिमीटरच्या, दोऱ्यासारख्या बारीक असतील, तर अंडी काल किंवा फार तर परवा घातली गेली. दोष आजकालच्या कचऱ्यात आहे. अंडी डब्यातच घातली गेली असे मात्र नाही. बाजारात उघड्यावर असलेली मासळी, फुटलेला आंबा, रात्रभर सिंकमध्ये राहिलेले खरकटे, टेबलावर झाकायचे राहिलेले ताट यांवर माशी आधीच बसून गेलेली असते. आपण ते सारे डब्यात टाकतो आणि वर घट्ट झाकण लावतो. झाकण बाहेरच्या माशीला अडवते. आत आलेल्या अंड्यांना मात्र तेच झाकण ऊब आणि ओल पुरवते. ‘झाकणाचा डबा असूनही अळ्या कशा?’ याचे उत्तर हे आहे.

अळ्या तांदळाच्या लांब दाण्याएवढ्या, सेंटीमीटरभर आणि जाडसर असतील, तर गोष्ट वेगळी. घरमाशीची अळी एवढी व्हायला काही दिवस जावे लागतात. मांस-मासळीवर बसणाऱ्या हिरव्या-निळ्या चकचकीत माश्यांच्या अळ्या जरा लवकर वाढतात, पण त्यांनाही एक रात्र पुरत नाही. तेव्हा डबा रोज रिकामा होत असेल आणि तरी मोठ्या अळ्या दिसत असतील, तर त्या आजच्या कचऱ्यात वाढलेल्या नाहीत. त्यांचे घर दुसरीकडे आहे आणि तिथे काही दिवस कोणाचा हात लागलेला नाही.

हे घर शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते आणि कोषात जाण्यासाठी कोरडी, अंधारी जागा शोधत निघते. डब्याची भिंत चढते, झाकणाच्या फटीतून बाहेर पडते, लादीवरून कपाटाखाली जाते. वाटेत कित्येक मीटर अंतर कापू शकते. त्यामुळे अळी जिथे दिसली तिथेच ती जन्मली असेल असे नाही. फ्रिजमागे किंवा गॅस सिलिंडरच्या बुडाशी गव्हाच्या दाण्यासारखे, तपकिरी, टणक कोष सापडले तर पुढच्या माश्या आधीच रांगेत उभ्या आहेत असे समजावे.

मग शोधायचे कुठे? डब्यात पिशवी लावत असाल तर पिशवी आणि डबा यांच्यामधल्या पाण्यात. पेडलच्या डब्यातली आतली बादली उचलून तिच्या खाली. डब्याच्या वरच्या कडेला प्लास्टिकची जी दुमड असते तिच्या आत. टोपलीत तळाला राहून सडलेल्या बटाट्यात किंवा कांद्यात. सिंकच्या जाळीखाली. बाल्कनीतल्या कुंडीत खत म्हणून ओतलेल्या आणि वर माती न घातलेल्या चहाच्या चोथ्यात.

मात्र सर्वाधिक वेळा निसटणारी जागा आहे ती सुक्या कचऱ्याची पिशवी. ओला कचरा रोज जातो. सुका मात्र अनेक ठिकाणी आठवड्यातून एक-दोनदाच उचलला जातो, किंवा आपणच साठवून ठेवतो. त्यात न विसळलेल्या दुधाच्या पिशव्या, दह्याचे डबे, ग्रेव्ही लागलेले पार्सलचे डबे, चिकनच्या पॅकेटमधली रक्त शोषणारी चटई असते. नावाला सुका, प्रत्यक्षात आठ दिवस बंद असलेला ओला कचरा. ओल्या कचऱ्याची शिस्त कडक पाळणाऱ्या घरातही अळ्या का होतात, या कोड्याचे उत्तर कित्येकदा या पिशवीत असते. दुधाची पिशवी विसळून, उलटी करून वाळवायला अर्धा मिनिट लागतो.

उन्हाळ्याचा त्रास सगळीकडे सारखाच का नसतो?

चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की उघड्यावर पडलेली साल काही तासांत कडक वाळते आणि त्यावर अळी जगू शकत नाही. माश्याही भर दुपारी सावलीत दडतात. सावली, ओल आणि अन्न हे तिन्ही एकत्र मिळण्याची घरातली जागा म्हणजे ओट्याखालचा कचऱ्याचा डबा! विदर्भ-मराठवाड्यात म्हणूनच बाहेर माश्या कमी आणि स्वयंपाकघरात जास्त, असे चित्र दिसू शकते.

मुंबई-कोकण-गोव्यात पारा तेवढा चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे काहीच वाळत नाही. शिवाय आंबा, फणस आणि मासळी यांची गाठ तिथेच पडते. फणस घरी फोडला की गऱ्यांच्या कित्येक पट कचरा निघतो आणि तो चिकट, गोड असतो. मेअखेरीस वळवाच्या सरी आल्या की मग घाटावरही हीच स्थिती होते. ऊब असते आणि ओलही येते. माश्यांचा खरा सुकाळ तेव्हा सुरू होतो. सवयी लावायच्या तर त्या आधी लावाव्यात.

सगळ्याच कचऱ्याचा धोका सारखा असतो का?

नाही. बटाट्याच्या सालीवर वाढलेली अळी किळसवाणी असली तरी त्या सालीतून फारसा आजार पसरत नाही. माशीची खरी भीती आहे ती तिच्या फेऱ्यांची. ती विष्ठेवर बसते आणि मग जेवणावर बसते. घन अन्न तिला चावता येत नाही. त्यावर ती लाळ आणि पोटातला द्रव सोडते, ते विरघळवते आणि शोषून घेते. पायांवरचे केस, सोंड, पोट या सगळ्यांतून जंतू इकडचे तिकडे होतात. हगवण, अतिसार, विषमज्वर, कॉलरा यांच्यासह शंभराहून अधिक प्रकारचे रोगजंतू माशीच्या अंगावर वा पोटात आढळल्याच्या नोंदी आहेत.

पाकिस्तानातील काही गावांमध्ये केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. माश्यांचा बंदोबस्त केलेल्या गावांत पाच वर्षांखालील मुलांमधील अतिसाराचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळले. लसीविना, औषधाविना, केवळ माश्या कमी करून पडलेला हा फरक आहे.

हे ध्यानात घेतले तर डब्यातल्या वस्तूंचा क्रम बदलतो. सर्वात वर येतो तो बाळाचा डायपर, आजारी ज्येष्ठांचे डायपर आणि पाळीव कुत्र्या-मांजराची विष्ठा. डायपरमधील विष्ठा आधी शौचकुपात टाकून पाण्याने सोडावी, मग डायपर घट्ट गुंडाळून, कागदात बांधून वेगळा ठेवावा. पुण्यात अशा कचऱ्यावर लाल ठिपका काढून देण्याची पद्धत रुजवण्याचा प्रयत्न झाला, तो उचलणाऱ्याला उघडून पाहावे लागू नये म्हणून. उघडा डायपर ओट्याखालच्या डब्यात आणि शेजारी कापलेले कलिंगड, ही जोडी मात्र सर्वात वाईट. घरात कोणाला जुलाब होत असतील तर त्या दिवसांत हे काम कंटाळा न करता केलेच पाहिजे.

दुसरा क्रम मासळी, कोळंबीची टरफले, कोंबडी-मटणाचे तुकडे यांचा. इथे हिरव्या माश्या अर्ध्या तासातही येतात. करड्या, पट्टेरी मांसमाश्या तर अंडी घालण्याच्या भानगडीत न पडता थेट जिवंत अळ्या सोडतात. या कचऱ्यासाठी सर्वात चांगली जागा म्हणजे फ्रीजर. पिशवीत बांधून, जुन्या डब्यात घालून तो फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि घंटागाडी आली की बाहेर काढायचा. ऐकायला विचित्र वाटते, पण कालपर्यंत तीच मासळी त्याच फ्रीजरमध्ये होती. टरफलांनी असे काय पाप केले?

भाजीची देठे, साली, चोथा हे शेवटी. त्यांच्यासाठी ओल कमी करणे पुरेसे आहे.

डबा कोरडा ठेवायचा म्हणजे नेमके काय?

पहिली पायरी निथळण्याची. खरकटे थेट डब्यात न टाकता भोकाच्या भांड्यात किंवा जुन्या चाळणीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. ताक, आमटी, रस्सा हे द्रव डब्यात जाऊच नयेत. पूर्वी मोरीच्या कोपऱ्यात खरकट्यासाठी जाळीचे भांडे असायचे. त्याला कारण होते.

दुसरी पायरी कोरड्या थराची. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या, आणि ओला कचरा टाकला की त्यावर मूठभर कोरडे काहीतरी. (हा मजकूर ज्या पडद्यावर वाचला जातो आहे त्याची घडी घालता येत नाही, हे मान्य. ई-पेपरच्या वाचकांकडे रद्दी कमी.) सुताराकडचा भुसा, झाडाखालची वाळलेली पाने, नारळाच्या शेंडीचा चुरा, गावाकडे चुलीतली थंड राख, काहीही चालते. ते पाणी शोषते, वास दाबते आणि माशीला ओल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचू देत नाही. ही मूठभर सवय कोणत्याही महागड्या ‘गंधरोधक’ डब्याहून अधिक काम करते, असे आमचे मत आहे. कचरा ज्या व्यवस्थेकडे जातो तिला त्यात काय चालते एवढे मात्र विचारून घ्यावे. पाने आणि भुसा खतात सहसा चालतो, जास्त राख चालत नाही.

तिसरी पायरी धुण्याची. रिकामा करणे आणि धुणे यांत फरक आहे. डबा रिकामा झाला तरी तळाचा चिकट थर राहतो आणि त्यात अंडी असतात. दुसऱ्या दिवशीचा कचरा त्यांना वरून मिळालेले जेवण ठरतो. थर ब्रशने घासून काढला पाहिजे आणि मुख्य म्हणजे डबा वाळला पाहिजे. ओला डबा लगेच पुन्हा वापरला तर निम्मे काम वाया जाते. यावर सोपा उपाय म्हणजे दोन डबे. एक वापरात, एक उन्हात पालथा. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. दुसऱ्या डब्याची किंमत कीटकनाशकाच्या एखाद-दुसऱ्या कॅनएवढीच असते.

ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे ‘रोज डबा धुवा’ हा सल्ला चेष्टेसारखा वाटेल. तिथे कपडे धुतलेले साबणाचे पाणी किंवा भांड्यांचे शेवटचे पाणी पुरते. तांब्याभर पाणी, ब्रश आणि मग कडक ऊन. ऊन तरी तिथे कमी पडत नाही.

आणि २४ तासांचा नियम. अंडे एका दिवसात फुटते, म्हणून ओला कचरा घरात एका दिवसाहून अधिक राहू नये. गावाला जाताना तर हमखास विसरले जाते. सुट्टीत चार दिवस बाहेर जाताना गॅस, नळ, दिवे तपासले जातात. डब्यातली एक आंब्याची कोय राहते आणि परतल्यावर स्वागताला माश्या असतात.

पिकलेल्या केळ्यांवर आणि आंब्यांवर घोटाळणारी बारीक चिलटे हा वेगळा कीटक. त्यांची अंडी फळाबरोबरच घरात येतात. फळे आणल्यावर धुऊन पुसून ठेवणे आणि फुटलेले फळ लगेच बाजूला काढणे याने ती आटोक्यात येतात. वाटीत थोडे व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून ठेवला तर उरलेली त्यात बुडतात.

फिनेल, फवारा, ब्लिचिंग पावडर यांचा उपयोग होतो का?

उडत्या माश्या फवाऱ्याने मरतात, पण कचऱ्याच्या आतल्या अळ्यांपर्यंत तो पोहोचत नाही आणि आठवड्याने नवी पिढी हजर होते. शिवाय घरमाशी कीटकनाशकांना सरावण्यात पटाईत आहे. १९४०च्या दशकात डीडीटी वापरात आले आणि काही वर्षांतच त्याला दाद न देणाऱ्या माश्या आढळल्या. त्यानंतरच्या औषधांचीही तीच गत झाली. साथीच्या वेळी आरोग्य यंत्रणेने केलेली फवारणी ही वेगळी गोष्ट. स्वयंपाकघरातल्या डब्यात रोज मारलेला फवारा हाताळणाऱ्याच्या त्वचेवर आणि पुढे खतात जातो.

ब्लिचिंग पावडर ओल्या कचऱ्यावर भुरभुरवली तर तिचा जोर त्या घाणीवरच खर्च होतो. ती वापरायचीच तर आधी डबा घासून धुवावा, मग पाण्यात मिसळून वापरावी, हातमोजे घालून. एक इशारा महत्त्वाचा. ब्लिचिंग पावडर आणि शौचालय साफ करण्याचे अॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. न्हाणीघरासारख्या लहान, बंद जागेत तो जीवघेणा ठरू शकतो.

फिनेलने डब्याचा वास बदलतो, तळाचा थर तसाच राहतो. कापूर, लवंग, कडुनिंब यांचा वास थोडा वेळ माशीला दूर ठेवेलही, पण ओल असेपर्यंत त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. खाणावळींच्या दारात पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी टांगलेली दिसते. तिने माश्या पळतात याला ठोस आधार नाही.

डबा कोणाच्या हातात जातो?

अळ्यांचा विषय घरात किळसेपाशी संपतो, पण डबा दारापलीकडे गेल्यावर तो कोणाचे तरी रोजचे काम असतो. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे बंधनकारक केले. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. तिचे तीन हजारांहून अधिक सदस्य, त्यांत बहुसंख्य महिला, घरोघर जाऊन कचरा गोळा करतात. इतर शहरांत घंटागाडीवरचे कंत्राटी कामगार हेच काम करतात. वर्गीकरणात हात घालावा लागतो. मिसळलेल्या, अळ्या पडलेल्या कचऱ्याची पिशवी फाडली की त्या हातांवर, बाहीवर चढतात. मोजे घातले तरी मनगटातून आत जातात. त्या हातांनी त्यांना दुपारचा डबाही खायचा असतो.

ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देऊ नका, असे कचरावेचक सांगतात ते यासाठीच. आपल्या दृष्टीने ती स्वच्छता असते. त्यांच्या दृष्टीने ती फाडावी लागणारी आणखी एक गोष्ट. बंद पिशवीत कचरा लवकर सडतो, पाणी सुटते आणि अळ्यांना हवे ते मिळते. डब्यात तळाला कागद घालून तो तसाच पालथा करणे दोघांच्याही सोयीचे.

गृहनिर्माण संस्थांमधील मोठे ड्रम हा याहून अवघड मामला आहे. पन्नास घरांनी शिस्त पाळली आणि जिन्याखालच्या ड्रमच्या तळाशी आठवड्याचे काळे पाणी साचले असेल, तर तिथून निघालेल्या माश्या पन्नासही घरांत जातात. ड्रम कोणी धुवायचा, कुठे धुवायचा, त्याचे पाणी कुठे सोडायचे आणि त्या कामाचे वेगळे पैसे कोण देणार, हे सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येते. सफाई कामगाराने ‘जमेल तेव्हा’ करायचे काम असेच ते धरले जाते. ते जमत नाही, यात नवल नाही.

घरच्या खताच्या डब्यातल्या अळ्या माराव्यात का?

लगेच नाही. घरी खत करणाऱ्यांना दिसणाऱ्या चपट्या, खडबडीत, करड्या-तपकिरी, दीड-दोन सेंटीमीटर लांबीच्या अळ्या बहुधा ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ या वेगळ्या माशीच्या असतात. ही माशी काळी, सडपातळ, गांधीलमाशीसारखी दिसते. ती जेवणाच्या ताटावर बसत नाही, घरात घुटमळत नाही. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात, म्हणून कचरा प्रक्रियेसाठी त्या मुद्दाम पाळल्याही जातात. पांढऱ्या, गुळगुळीत, एका टोकाला निमुळत्या अळ्या मात्र घरमाशीच्या किंवा तिच्या नातलगांच्या. त्या दिसल्या तर खत फार ओले झाले आहे. दुप्पट सुकी पाने घालून ढवळावे, वर कोरड्या पानांचा चार बोटे जाड थर द्यावा आणि हवेच्या भोकांना बारीक जाळी लावावी.

अळ्या झाल्याच तर?

डबा उघड्यावर न्यावा. कचरा जाड कागदावर उन्हात पातळ पसरता आला तर तासाभरात अळ्यांची वळवळ थांबते. सदनिकेत ते शक्य नसेल तर कचऱ्यावर उकळते पाणी ओतावे. मुलांना दूर ठेवून आणि पातळ प्लास्टिकचा डबा वाकतो हे लक्षात ठेवून. मेलेल्या अळ्यांसह पाणी निथळू द्यावे. डबा, झाकण आणि कडेची दुमड घासावी. मग डबा जिथे ठेवला होता तिथली लादी, मागची भिंत आणि कपाटाखालची जागा झाडून तपकिरी कोष वेचावेत. तेही उकळत्या पाण्यात. हा शेवटचा भाग टाळला तर चार-पाच दिवसांनी घरात अचानक माश्या होतात आणि त्या खिडकीतून आल्या असे वाटते.

त्या दिवशीचा कचरा देताना तो अळ्यांचा आहे, हे नेणाऱ्या ताईंना किंवा दादांना आधी सांगावे आणि डबा आपणच गाडीत पालथा करावा.